दारावरची सेवा

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकीणबाईंनी ही डायरी हातात ठेवली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे, पानाखाली गोळ्यांची नावं छापलेली. म्हणाल्या, "दादा, आजपासून दारावरची सेवा तुमची. नवीन कोण आलं, कुठून आलं, घरी गेल्यावर लिहून ठेवायचं. पुढच्या रविवारी त्यांना नावानं हाक मारता आली पाहिजे."

पाळकसाहेबांच्या पत्नी सुकन्याबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. गेल्या जूनमध्ये पाळकसाहेबांची बदली बारामतीला झाली, तेव्हापासून नवराबायकोच्या डोक्यात एकच. मंडळी म्हणजे आपली चाळीस घरं एवढंच नव्हे, रस्त्यानं जाणाऱ्यालाही इथं बसावंसं वाटलं पाहिजे. फाटकावर बोर्ड लावला. उपासनेनंतर चहा सुरू केला. नवीन माणसासाठी छापील कार्डं आणली: नाव, गाव, मोबाईल, आणि खाली 'मंडळीने आपल्यासाठी काय करावे?'

दारावर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. इंदापूर आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होतो. माणूस पायरीवर पाय ठेवतो तेवढ्यात मला कळतं, हा कुठं उतरणार. आज तिघं नवीन होते. तिघांची नावं पाठ आहेत.

घरी एकटाच. माझ्या बायकोला, फुलाला, जाऊन याच महिन्यात दोन वर्षं होतील. मुलगी इंदापूरकडं दिलेली आहे. तिचं तिचं चालू असतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

वालचंदनगरहून एक कुटुंब आलं, नवराबायको आणि म्हातारी. मधल्या बाकावर दिग्विजय बसतो, साखर कारखान्यात कारकून आहे. तो काही सरकेना. म्हणाला, "ही आमची नेहमीची जागा आहे." मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "देवाच्या घरात नेहमीची जागा कुणाचीच नसते." मुकाट्यानं सरकला.

चहाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "रणपिसे दादा, तुमच्यासारखी दहा माणसं असती तर!" मी कार्डं मोजत राहिलो. पण बरं वाटलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

महिपतीच्या दुकानी गेलो होतो. तो कबरीचे दगड घडवतो. फुलाची कबर अजून मातीचीच आहे, वर नुसता लाकडी क्रूस, त्याच्यावरचा रंगही उडाला. महिपतीनं वही काढली. नाव, जन्म, मृत्यू लिहून घेतलं आणि विचारलं, "खाली मुलाबाळांची नावं घालायची ना? सगळे घालतात."

म्हणालो, नंतर सांगतो.

"गेल्या साली बी तुमी असंच म्हणला व्हता, दादा."

दगड महाग झालाय म्हणालो आणि उठलो. तसा महाग झालेला नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

अंजली आली.

दहाला पाच कमी असताना फाटकातून आत आली. बरोबर लहान मुलगी होती, चारेक वर्षांची, डोक्याला पिवळी क्लिप. सहा वर्षांनी तोंड पाहिलं. वाळली आहे. चालणं तिच्या आईचं आहे, डावा खांदा थोडा खाली. मला वाटलं मला पाहून ती परत फिरेल. ती फिरली नाही. सरळ पायरीपर्यंत आली.

माझ्या मागं पाळकीणबाई उभ्या होत्या. बाजूला दोन-चार माणसं होती. मंडळीत येणाऱ्या सगळ्यांना जोडतो तसे मी हात जोडले. म्हणालो, "सलाम. या, स्वागत आहे. पहिल्यांदाच आलात?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हो. पहिल्यांदाच."

मी तिला कार्ड दिलं. पेनही दिलं.

तिला इथं कोणी ओळखत नाही. तिच्या लग्नानंतर, रिटायर झाल्यावर मी इंदापूर सोडून बारामतीला घर बांधलं, ते याचसाठी. इथं सगळ्यांना एवढंच माहीत की मला एक मुलगी आहे आणि आई गेली तेव्हा तिला रजा मिळाली नाही.

ती शेवटच्या बाकावर बसली. चहाला थांबली नाही. कार्ड पेटीत टाकून गेली. मुलीनं जाताना मला टाटा केला.

मला चारचौघांत खाली पाहायला लावायचं, म्हणूनच आली असणार. दुसरं काय कारण?

सोमवार, १९ फेब्रुवारी

सुकन्याबाई सकाळीच घरी आल्या. हातात कार्ड. "दादा, हे तुमच्याच खात्यातलं काम आहे. कबरस्थानाचं रजिस्टर तुमच्याकडं असतं ना?"

कार्डावर लिहिलं होतं: अंजली धम्मदीप, निमगाव केतकी. मोबाईल नंबर. आणि खाली, 'माझ्या आईची कबर कुठली ते सांगावे. दोन वर्षे झाली. मी दोनदा येऊन शोधले, सापडली नाही. नुसता नंबर कळवला तरी चालेल.'

अक्षर तेच. त ची शेपटी ओळीच्या खाली ओढायची तिची सवय. मी तिला त्यावरून लहानपणी मारलंही आहे.

बाई म्हणाल्या, "कसं असेल हो हे? आई इथं पुरलेली आणि लेकीला जागा माहीत नाही. घरात काय झालं असेल?"

"असतात एकेक घरं," मी म्हणालो. "बघतो रजिस्टर."

रजिस्टर कपाटातच आहे. बघायला काय लागतं? तिसरी ओळ, क्रमांक ४१, कडुनिंबाच्या अलीकडं.

रविवार, २५ फेब्रुवारी

ती आली नाही. बरं झालं.

आज बाजारातला एक दारुडा आत शिरला. लोक नाक मुरडत होते. मी त्याला हाताला धरून बसवलं, शेजारी बसलो, गाण्याचं पुस्तक उघडून दिलं. तो रडायला लागला. पाळकसाहेबांनी उपदेशात त्याचा उल्लेख केला, माझाही केला.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

रविवार, १० मार्च

बाईंनी पुन्हा विचारलं, "दादा, ती निमगावची अंजली. मिळाला का नंबर?"

म्हणालो, दोन वर्षांपूर्वीची पानं सुटी झालीत, लावायला वेळ लागेल. उपासनेच्या दारात उभं राहून खोटं बोललो. हातात स्वागताची कार्डं होती.

माझी बाजू इथं तरी लिहून ठेवतो. मी तिच्या लग्नाला नाही का म्हणालो, ते कोणी विचारलेलं नाही. धम्मदीप मुलगा वाईट नव्हता. ठिबकचं दुकान होतं, घरची डाळिंबाची बाग होती. बौद्ध घर. मी एवढंच म्हणालो होतो, त्यानं बाप्तिस्मा घ्यावा. तो घरी येऊन म्हणाला, "काका, तुमच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण लग्नासाठी मी धर्म घेतला तर तो धर्म खोटा आणि मीही खोटा." मला हे उत्तर उर्मट वाटलं. आज लिहिताना तेवढं उर्मट वाटत नाही. त्या दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी अंजलीला सांगितलं, हे दार तुला बंद. फुला काही बोलली नाही. ती बोलायचीच कमी. मला वाटलं, तिला पटलं.

शनिवार, १६ मार्च

ईस्टरच्या आधी कबरींना चुना देतात, त्याची यादी करायची म्हणून सुकन्याबाईंनी रजिस्टर मागितलं. देणं भागच होतं. दुपारी त्या परत आल्या. पाळकसाहेब बरोबर नव्हते. पाणी घेतलं.

मग म्हणाल्या, "मी त्या ताईंना फोन केला होता, दादा. आईचं नाव विचारायला."

मी खाली बघत होतो.

"फुलाबाई दादासो रणपिसे."

"हो."

"पानं सुटी नव्हती."

"नाही."

मला वाटलं, आता त्या मला शास्त्र सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. विचारलं एवढंच, "त्या दिवशी दारात तुम्ही त्यांना ओळखलं नव्हतं का?"

म्हणालो, "फाटकातच ओळखलं होतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी नव्हतं ते. पदरानं पुसलं, उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "मी त्यांना ईस्टरच्या सकाळी बोलावलंय. जागा मी दाखवीन. तुम्ही यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

रविवार, २४ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मुलं झावळ्या घेऊन गात आत गेली. मी दारावर उभा राहिलो नाही, पाठ धरली आहे असा निरोप दिला. मागच्या भिंतीशी बसलो. दारावर दिग्विजय होता. सगळ्यांना हात जोडत होता, चुकतमाकत. एका म्हातारीला त्यानं स्वतःच्या नेहमीच्या जागी नेऊन बसवलं.

रविवार, ३१ मार्च, ईस्टर

पहाटेची उपासना कबरस्थानातच असते. उजाडता उजाडता गेलो. चुना दिलेल्या कबरी, त्यावर झेंडू, मेणबत्त्या. मी फाटकाजवळच्या पंपाच्या खोलीआड उभा राहिलो.

क्रमांक ४१ पाशी अंजली बसली होती. नुसती बसली होती, मातीवर हात ठेवून. धम्मदीप मुलीला कडेवर घेऊन मागं उभा. त्यानं क्रूसाला तिथंच नवा रंग दिला होता, हाताला रंग लागलेला होता. सुकन्याबाई थोड्या लांब. कुणी प्रार्थना म्हणत नव्हतं. मग अंजली मोठ्यानं रडली. लहान असताना शाळेत सोडताना रडायची, अगदी तशी. मी वीस पावलांवर होतो. वीस पावलं टाकता आली नाहीत.

पांढऱ्या पातळातली एक म्हातारी त्यांच्याबरोबर होती. ती फिरत फिरत माझ्याजवळ आली आणि माझ्याकडं निरखून बघू लागली.

"तुमी अंजूचं वडील न्हवं? नाक तसंच हाय."

मी मान हलवली.

"मी अक्काबाई. धम्मदीपची आई." तिनं हात जोडले. "जय भीम."

"सलाम," मी म्हणालो.

"लपून काय बघताय? पोरगी तुमचीच हाय."

"ती बोलणार नाही माझ्याशी."

"आज न्हाईच बोलायची. आज ती आईपाशी आलीय." मग म्हणाली, "घरी या कधीतर. निमगावात कुनालाबी इचारा, ठिबकवाल्याचं घर."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"त्याच तोंडानं. दुसरं कुठलं आननार तुमी?"

सोमवार, ८ एप्रिल

महिपतीकडं गेलो. म्हणालो, मुलीचं नाव घाल. मग वाटलं, तिला विचारल्याशिवाय कसं घालू? आजवर तिचं सगळं मीच ठरवत आलो. पुन्हा म्हणालो, नंतर सांगतो. या खेपेला महिपतीनं वही उघडलीच नाही.

रविवार, १४ एप्रिल

आज उपासनेला गेलो नाही. फुलाला पुरलं त्या आठवड्यातही चुकवली नव्हती.

साडेआठच्या गाडीनं निमगाव केतकीला गेलो. जयंती आहे हे लक्षातच नव्हतं. चौकात निळे झेंडे, स्पीकर, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. परत फिरावं असं वाटलं. पण अक्काबाईनंच रस्त्यात पाहिलं. "आलासा? बरं झालं. आज आमच्या दारातनं कुनी उपाशी जात न्हाय."

घर साधं, स्वच्छ. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. शेजारी फुलाचा फोटो होता. मी तो कधी पाहिला नव्हता. फुला याच घराच्या अंगणात बसलेली, मांडीवर तान्हं मूल, हसतेय.

"ही इथं आली होती?" मी विचारलं.

"तर! चारदा आली की." अक्काबाई म्हणाली. "बारशाला दोन दिवस राहिली. तुमास्नी काय सांगून यायची कुनास ठावं."

मला आठवलं. बहिणीकडं जाते म्हणायची.

अक्काबाईनं पानं मांडली. पुरी, भाजी, खीर. धम्मदीप माझ्या शेजारी बसला आणि आईला सांगत राहिला, "काकांना अजून वाढ." अक्काबाई बोलत होती. तिचा आजेसासरा आणि माझा आजा एकाच वस्तीतले, गावाबाहेरच्या. हे मला माहीत होतं. मी ते कधी कुणाजवळ बोललो नाही. ती म्हणाली, "त्या कोंडवाड्यातनं तुमच्या आज्यानं येक वाट धरली, आमच्या मान्सांनी दुसरी. भाईर पडायचं व्हतं म्हनून धरली की वं! मग भाईर येऊन येकमेकाला दार कशापाई लावायचं?"

खीर तोंडात फिरत राहिली.

छकुली, म्हणजे माझी नात, समोर येऊन उभी राहिली. "तुमी कोण?"

अंजली आतून म्हणाली, "बारामतीचे पाहुणे आहेत."

जेवणं झाल्यावर सगळे मिरवणुकीला गेले. अंजली मागं राहिली, अक्काबाईही दारात बसून राहिली. अंजली समोर बसली. इंदापूरच्या शाळेत ती इंग्रजी शिकवते, तसं ताठ बसली.

"मला तुमच्याकडून माफी वगैरे नको आहे," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. खरं सांगा. शेवटी आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. ते एका परीनं तिला सोपं गेलं असतं, असं गाडीत येताना मी मनाशी म्हणतही होतो. पण कुणाला सोपं गेलं असतं, हे मला तिच्यासमोर बसल्यावर कळलं.

"तीन दिवस घेत होती," मी म्हणालो.

"मग मला फोन का नाही केला?"

"फोन हातात घेतला होता. वाटलं, तू आलीस तर मी हरलो."

मी बोलत राहिलो. आता थांबलो तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, असं वाटलं.

"शेवटच्या दिवशी सकाळपासून ती म्हणत होती, अंजूला बोलवा. मी तिला सांगितलं, अंजू निघाली आहे."

"निघाली आहे?"

"हो. गाडीत बसली म्हणालो. मग ती दर थोड्या वेळानं विचारायची, कुठवर आली? रस्ता मला पाठ आहे. मी सांगत गेलो. शेळगाव सोडलं. अंथुर्णं आलं. जंक्शनला गाडी बंद पडली, दुसरीत बसली. लासुर्णं. सणसर. ती डोळे मिटून ऐकायची, बोटावर मोजायची. दुपारी चारला विचारलं, आता कुठं? मी म्हणालो, काटेवाडी. ती म्हणाली, 'मग आलीच की.' आणि पदर सारखा केला. तू येणार म्हणून. त्यानंतर बोलली नाही."

बाहेर लांब ढोल वाजत होते.

अंजली उठली. आत गेली. आतून कसलाच आवाज आला नाही. मी उठायला लागलो तर अक्काबाईनं हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं स्वतःच म्हणाली, "आता जावा तुमी. पुन्यांदा यायचं का न्हाई, ते ती सांगल. तिनं न्हाई सांगितलं तर येऊ नगा."

"बरं."

"खरं बोलला, ते बरं केलं," ती म्हणाली. "पर लई उशीर केला, दादा."

सोमवार, १५ एप्रिल

संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरी गेलो आणि दोघांना सगळं सांगितलं. रजेचं खोटं, फोनचं, गाडीचं. म्हणालो, मंडळीच्या पंचमंडळातून माझं नाव काढा. दारावर मी उभा राहणार नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सुकन्याबाईंनी चहा दिला. चहा देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दयेनं की रागानं, कळलं नाही. दोन्ही असेल.

रविवार, २१ एप्रिल

उपासनेनंतर खुर्च्या आवरत होतो, तेव्हा फोन वाजला. नंबर मी कधी नावानं साठवलाच नव्हता, पण कार्डावरचा ध्यानात होता.

"कुठवर आले होते मी?" पहिलं वाक्य हेच. हॅलो नाही, काही नाही.

"काटेवाडी," मी म्हणालो.

"आई काय म्हणाली?"

"मग आलीच की."

ती श्वास घेत होती ते ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला.

रविवार, २८ एप्रिल

आजही त्याच वेळी आला. तेच विचारलं. कुठवर आले होते, आई काय म्हणाली. एकदा वाटलं, एखादा गोड शब्द वाढवावा. तुझी आठवण काढत शांत झोपली, असं काहीतरी. तोंडावर आलेला शब्द गिळला. झालं तेवढंच सांगितलं.

मी विचारलं, "दगडावर तुझं नाव घालू का?"

"अजून नको," ती म्हणाली.

रविवार, ५ मे

आज फोनवर तिनं पदराचं विचारलं. कसा सारखा केला, कुठल्या हातानं. उजव्या, मी म्हणालो, डाव्याला सलाईन होतं. मग पातळ कुठलं होतं ते विचारलं. सांगितलं.

मागून छकुलीचा आवाज आला, "आई, कोणाशी बोलतेस?"

अंजली तिला म्हणाली, "आजीचं विचारतेय."

कोणाला, ते तिनं सांगितलं नाही.